ड्राइव्हवरची फाइल डिस्कला हात न लावता थेट मेमरीत

एक स्क्रिप्ट रोज रात्री ड्राइव्हवरून सीएसव्ही उतरवायची, वाचायची, आकडे डेटाबेसात टाकायची आणि संपायची. उतरवलेली सीएसव्ही मात्र टेम्प फोल्डरमध्ये तशीच पडून राहायची, कारण ती पुसायची ओळ लिहायची मी विसरलो होतो. काही महिन्यांनी सर्व्हरची डिस्क गच्च भरली, तेव्हा ती ओळ लिहिली. मग एके दिवशी तीच स्क्रिप्ट चुकून दोनदा सुरू झाली आणि दुसरीनं पहिलीची फाइल ती वाचत असतानाच पुसून टाकली. दोन मिनिटं वाचून फेकून द्यायची फाइल मुळात डिस्कवर हवीच कशाला, हा प्रश्न मला तेव्हा पडला.

फाइल थेट मेमरीत घेणं हे चार-पाच ओळींचं काम आहे. लोकांचा दिवस जातो तो नंतरच्या तीन प्रश्नांवर: हातात आलं ते नेमकं काय आहे, ते पूर्ण आहे का, आणि आपण ते सुरुवातीपासून वाचतोय का. म्हणून या लेखात खुद्द उतरवण्यापेक्षा त्याच्या आगेमागे जास्त रेंगाळणार आहे. उदाहरणाला गूगल ड्राइव्हचा एपीआय (म्हणजे कोडमधून ड्राइव्हशी बोलायचं दार), पायथन आणि गूगलची अधिकृत पायथन लायब्ररी घेतली आहे. दुसरी क्लाउड सेवा किंवा दुसरी भाषा वापरत असाल तर नावं बदलतील, खाचखळगे बहुतेक तेच राहतील.

पहिली पायरी: आत शिरायचा परवाना

गूगल क्लाउडच्या कन्सोलमध्ये प्रोजेक्ट बनवा आणि त्या प्रोजेक्टसाठी ड्राइव्ह एपीआय चालू करा. हे विसरलात तर बाकी सगळं बरोबर असूनही ४०३, म्हणजे ‘मनाई’ची एरर, मिळेल. त्या एररच्या मजकुरात एपीआय चालू नसल्याचं स्पष्ट लिहिलेलं असतं, पण आपण आकडा बघूनच घाबरतो आणि मजकूर वाचत नाही.

पुढचा प्रश्न असा की ही स्क्रिप्ट कोणाच्या नावानं ड्राइव्हवर जाणार. समोर माणूस बसलेला नसेल, रात्री आपोआप चालणारं काम असेल, तर सर्व्हिस अकाउंट घ्या. सर्व्हिस अकाउंट म्हणजे माणसाविनाचं खातं. त्याला स्वतःचा लांबलचक ईमेल पत्ता असतो आणि पासवर्डऐवजी जेसन स्वरूपातली की फाइल असते. तुमचा कोड गूगलच्याच सर्व्हरवर चालणार असेल तर की फाइलही लागत नाही, त्या सर्व्हरला जोडलेलं खातं लायब्ररी आपोआप उचलते. जिथे जमेल तिथे हाच मार्ग घ्या. की फाइल घेतलीच तर ती कोडच्या रिपॉझिटरीत टाकू नका. खासगी रिपॉझिटरीतसुद्धा नको.

आता अशी गोष्ट, जी जवळपास प्रत्येकाला एकदा तरी अडकवते. सर्व्हिस अकाउंट तुमचं असलं तरी ते तुम्ही नव्हे. तुमच्या ड्राइव्हवरची फाइल त्याला दिसत नाही. ड्राइव्हमध्ये जाऊन ती फाइल किंवा तिचा फोल्डर त्या खात्याच्या ईमेल पत्त्याशी शेअर करावा लागतो, एखाद्या सहकाऱ्याशी करतो तसाच. वाचण्यापुरती परवानगी पुरते. हे केलं नसेल तर उत्तर येतं ४०४, म्हणजे ‘फाइल सापडली नाही’. परवानगी नाही असं न सांगता फाइलच नाही असं सांगायचं, ही पद्धत सुरक्षेच्या दृष्टीनं शहाणपणाची आहे, कारण परक्याला फाइल अस्तित्वात आहे हेसुद्धा कळू नये. पण फाइल आपल्याच डोळ्यांसमोर ब्राउझरमध्ये उघडी असताना ‘सापडली नाही’ वाचून डोकं फिरतं.

वापरणाऱ्याच्या स्वतःच्या नावानं काम करायचं असेल, म्हणजे तो आधी लॉगिन करणार आणि मग त्याची फाइल तुम्ही वाचणार, तर ओऑथचा रस्ता आहे, म्हणजे वापरणारा परवानगी देतो आणि तुम्हाला पासवर्डऐवजी टोकन मिळतं. त्यातले दोन बारकावे सांगतो. ॲप बाहेरच्या लोकांसाठी आहे असं नोंदवलं असेल आणि ते अजून ‘टेस्टिंग’ अवस्थेत असेल, तर ड्राइव्हसाठी मिळालेलं रिफ्रेश टोकन (ज्यावर नवं ॲक्सेस टोकन मिळत राहतं) ७ दिवसांत मरतं. ‘आठवडाभर छान चाललं, मग अचानक बंद पडलं’ ही तक्रार ऐकली की मी आधी तिथेच बघतो. दुसरा बारकावा स्कोपचा, म्हणजे परवानगीच्या आवाक्याचा. नुसतं वाचायचं असेल तर ‘ड्राइव्ह डॉट रीडओन्ली’ स्कोप पुरतो. ‘ड्राइव्ह डॉट फाइल’ हा त्याहून आखूड स्कोप आहे, पण त्यात फक्त तुमच्या ॲपनं बनवलेल्या किंवा वापरणाऱ्यानं ॲपमधून मुद्दाम निवडून दिलेल्या फाइलीच दिसतात. बाकीच्या फाइलींना पुन्हा तेच ४०४.

ॲक्सेस टोकन, म्हणजे प्रत्येक रिक्वेस्टसोबत जाणारा पास, साधारण तासभर चालतं. लायब्ररी ते स्वतः नवं करून घेते, त्यामुळे इकडे लक्ष द्यायची गरज सहसा पडत नाही. तुम्ही लायब्ररी न वापरता स्वतःच एचटीटीपी रिक्वेस्ट पाठवत असाल तर मात्र ४०१ (टोकन चालत नाही) आल्यावर टोकन नवं करून एकदाच पुन्हा प्रयत्न करा.

दुसरी पायरी: फाइलचा आयडी, लिंक नव्हे

ड्राइव्हच्या लिंकमध्ये ‘डी’ या अक्षरानंतरच्या तिरक्या रेघेपासून पुढच्या तिरक्या रेघेपर्यंत जी अगम्य अक्षरमाळ दिसते तो फाइलचा आयडी. एपीआयला तेवढाच द्यायचा. फाइलचं नाव देऊन चालत नाही, कारण ड्राइव्हवर एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली सुखानं नांदू शकतात.

‘एपीआय कशाला, शेअर केलेल्या लिंकवरच साधी रिक्वेस्ट मारतो’ असा मोह होतो. लहान फाइलींना ते चालून जातं. फाइल मोठी झाली की ड्राइव्ह मधे व्हायरस तपासणीबद्दलचं इशाऱ्याचं पान दाखवतं. ब्राउझरमध्ये माणूस त्यावर क्लिक करून पुढे जातो, तुमच्या स्क्रिप्टला मात्र ते पानच फाइल वाटतं. स्टेटस २०० (म्हणजे सगळं ठीक), एरर नाही, आणि मेमरीत एचटीएमएल. पहिल्या दिवशी हे कळत नाही, कारण पहिल्या दिवशी फाइल लहान असते.

तिसरी पायरी: आधी चौकशी, मग उतरवणी

ही पायरी बहुतेक उदाहरणांत नसते आणि माझ्या मते हीच सगळ्यात कामाची आहे. फाइल मागवण्याआधी तिची माहिती, म्हणजे मेटाडेटा, मागवा. लायब्ररीत क्लायंट बनवायचा तो ‘बिल्ड’ फंक्शननं: सेवेचं नाव ‘ड्राइव्ह’, आवृत्ती ‘व्ही३’ आणि क्रेडेन्शियल, म्हणजे पहिल्या पायरीतला परवाना. मग त्या क्लायंटच्या ‘फाइल्स’ भागातलं ‘गेट’ बोलवायचं. त्याला फाइलचा आयडी द्या आणि ‘फील्ड्स’मध्ये काय काय हवं ते सांगा: नाव, माइमटाइप (फाइलचा प्रकार), साइझ (आकार) आणि एमडी५चेकसम (मजकुरावरून काढलेला ठसा, एक बाइट बदलला तरी तो बदलतो). ‘फील्ड्स’ दिलं नाही तर तिसऱ्या आवृत्तीचा एपीआय फक्त प्रकार, आयडी, नाव आणि माइमटाइप एवढंच देतो. आकार आणि चेकसम मागितल्याशिवाय मिळत नाहीत.

आता उत्तर नीट बघा.

साइझ हा आकडा असूनही स्ट्रिंग म्हणून येतो. जेसनमधून मोठे पूर्णांक सगळ्या भाषांत बिनचूक पोचावेत म्हणून गूगलचे एपीआय ६४ बिटांचे आकडे अवतरणचिन्हांत पाठवतात. पायथनमध्ये ही स्ट्रिंग आकड्याशी ताडून पाहिली तर लगेच एरर येते, ते बरं. मर्यादेचा आकडासुद्धा कॉन्फिग फाइलमधून स्ट्रिंग म्हणूनच आला असेल तर एरर येत नाही आणि तुलना अक्षरांची होते. त्या हिशेबात ‘९’ हे ‘१०’पेक्षा मोठं ठरतं. तेव्हा हातात पडताच ‘इंट’मध्ये बदला.

माइमटाइपमध्ये ‘व्हीएनडी डॉट गूगल-ॲप्स’ असं काही दिसलं तर थांबा. ती डॉक्स, शीट्स किंवा स्लाइड्सची फाइल आहे. अशा फाइलला ड्राइव्हवर उतरवता येण्याजोगे बाइट्स नसतातच आणि तिच्यासाठी वेगळा रस्ता आहे, तो पुढे येतोच. त्याच कुळात ‘शॉर्टकट’ हाही प्रकार असतो. शॉर्टकट म्हणजे दुसऱ्या फाइलकडे दाखवणारं बोट. ‘शॉर्टकटडीटेल्स’ मागवलंत तर त्यातून खऱ्या फाइलचा आयडी मिळतो, मग तो घेऊन पुन्हा चौकशी करायची.

फाइल शेअर्ड ड्राइव्हवर असेल तर प्रत्येक रिक्वेस्टमध्ये ‘सपोर्ट्सऑलड्राइव्ह्ज’ खरं असल्याचं सांगा. नाही सांगितलं तर? तिसऱ्यांदा नको, ओळखा तुम्हीच.

आणि इथेच आकाराची मर्यादा लावा. माझ्याकडे कोडच्या वरच्या भागात एक आकडा लिहिलेला असतो, समजा ५० एमबी, आणि त्याहून मोठी फाइल दिसली की स्क्रिप्ट उतरवणं सुरूच करत नाही, स्पष्ट संदेश देऊन थांबते. मेमरी संपल्यावर ऑपरेटिंग सिस्टीम प्रोसेस मारून टाकते तेव्हा लॉगमध्ये बहुधा कारणही उरत नाही. त्यापेक्षा आपणच दारात अडवलेलं बरं.

चौथी पायरी: उतरवणं

‘फाइल्स’ भागातल्या ‘गेट_मीडिया’ला आयडी द्या. यानं काहीच उतरत नाही, फक्त रिक्वेस्ट तयार होते. पडद्यामागे ती आधीच्या ‘गेट’सारखीच असते, फक्त पत्त्याच्या शेवटी ‘ऑल्ट’ बरोबर ‘मीडिया’ असं जोडलेलं असतं. तेवढ्या एका शब्दानं सर्व्हर माहितीऐवजी मजकूर पाठवतो.

इथून पुढे दोन वाटा आहेत. लहान फाइल असेल तर त्या रिक्वेस्टवर ‘एक्झिक्यूट’ म्हणा, सगळे बाइट्स एका झटक्यात हातात येतात. काही केबींची कॉन्फिग फाइल वाचायला मी हेच करतो, त्यात कमीपणा काही नाही.

दुसरी वाट तुकड्यातुकड्यानं उतरवायची. ‘आयओ’ मॉड्यूलमधला ‘बाइट्सआयओ’ घ्या. ही मेमरीतली फाइलच समजा: लिहिता येतं, वाचता येतं, मागेपुढे जाता येतं, फक्त डिस्कवर तिचा मागमूस नसतो. मग ‘मीडियाआयओबेसडाउनलोड’ला हा बफर आणि मघाची रिक्वेस्ट द्या आणि एका लूपमध्ये ‘नेक्स्ट_चंक’ बोलवत राहा. तो दर वेळी दोन गोष्टी परत देतो, प्रगतीची स्थिती आणि काम संपलं की नाही हे सांगणारा ‘डन’. ‘डन’ खरा झाला की लूप तोडायचा.

तुकड्याचा आकार स्वतः दिला नाहीत तर लायब्ररी १०० एमबीचा तुकडा धरते. म्हणजे प्रगतीची पट्टी दाखवायची म्हणून तुम्ही एवढा खटाटोप केलात आणि फाइल ४० एमबीची असेल, तर पट्टी शून्यावरून एकदम शंभर टक्क्यांवर उडी मारेल. ‘चंकसाइझ’ ५ किंवा १० एमबी ठेवा. फार लहानही नको, कारण प्रत्येक तुकड्यासाठी एक स्वतंत्र रिक्वेस्ट जाते. ‘नेक्स्ट_चंक’ला ‘नम_रिट्राइज’ देता येतं. ते मुळात शून्य असतं, म्हणजे नेटवर्कनं एकदा उचकी दिली की सगळं मुसळ केरात. ३ किंवा ५ द्या.

यामागची यंत्रणा एचटीटीपीचीच आहे. ‘रेंज’ हेडरमध्ये कुठल्या बाइटपासून कुठल्या बाइटपर्यंत हवं ते सांगायचं आणि सर्व्हर २०६ हा स्टेटस देऊन तेवढाच तुकडा पाठवतो. मोजणी शून्यापासून होते आणि दोन्ही टोकं धरली जातात: ० ते ४९९ म्हणजे ५०० बाइट्स. स्वतः हे लिहिणार असाल तर रिकामी फाइल लक्षात ठेवा. शून्य बाइटच्या फाइलमधला पहिला बाइट मागितला तर सर्व्हर ४१६ म्हणतो, ‘हा पल्ला माझ्याकडे नाही’. लायब्ररी हे सांभाळून घेते, आपल्या हातच्या कोडला ते शिकवावं लागतं. आणि ‘रेंज’ मागूनही २०६ऐवजी २०० आला तर सर्व्हरनं तुमची विनंती बाजूला ठेवून अख्खी फाइल पाठवलेली असते. ती आधीच्या तुकड्यामागे चिकटवू नका.

पाचवी पायरी: कर्सर मागे न्या

एका ओळीची पायरी, पण हिच्यावर गेलेले तास मोजले तर लाज वाटेल. बफरमध्ये लिहिताना त्याचा कर्सर पुढे पुढे सरकत जातो आणि उतरवणी संपते तेव्हा तो अगदी शेवटी उभा असतो. तसाच तो बफर पुढच्या फंक्शनला दिलात तर ते शेवटापासून वाचायला लागतं आणि अर्थातच त्याला काही मिळत नाही. पांडास ही तक्ते वाचणारी लायब्ररी म्हणते वाचायला कॉलमच नाहीत. चित्रांची लायब्ररी म्हणते हे चित्र ओळखू येत नाही. आपण मग फाइल खराब आली असं समजून पुन्हा उतरवतो, परवानग्या तपासतो, एन्कोडिंग बदलून बघतो.

‘सीक’ला शून्य द्या, कर्सर सुरुवातीला येतो. वाईट प्रकार घडतो तो एररच येत नाही तेव्हा. हाच बफर दुसऱ्या सेवेवर अपलोड करायला दिला तर तिथे शून्य बाइटची फाइल बिनबोभाट तयार होते आणि सगळीकडे हिरवे टिक दिसतात.

‘गेटव्हॅल्यू’ला मात्र कर्सरशी घेणंदेणं नसतं, ते नेहमी पूर्ण मजकूर देतं. म्हणून डीबग करताना ‘गेटव्हॅल्यू’नं लांबी बघितली तर सगळं ठीक दिसतं आणि ‘रीड’ केलं की रिकामं येतं. सी शार्पच्या ‘मेमरीस्ट्रीम’मध्येही हीच गंमत आहे: ‘टूॲरे’ पूर्ण देतं, स्ट्रीम म्हणून वाचायचा तर ‘पोझिशन’ आधी शून्य करावं लागतं.

सहावी पायरी: आलं ते पूर्ण आणि बरोबर आहे का

तिसऱ्या पायरीत गोळा केलेली माहिती आता उपयोगी पडते. बफरची लांबी आणि मेटाडेटातला आकार जुळतो का बघा. मग बफरचा एमडी५ काढून ड्राइव्हनं दिलेल्याशी ताडा. एमडी५ सुरक्षेसाठी कधीच बाद झाला आहे, पण वाटेत बाइट सांडले का एवढंच बघायचं असेल तर तो पुरेसा आहे. हवा असेल तर ड्राइव्ह शा-२५६ही देतं.

शिवाय मी पहिले काही बाइट्स बघतो. पीडीएफ टक्क्याच्या चिन्हानं आणि लगेच पीडीएफ या अक्षरांनी सुरू होते. झिप, आणि म्हणून एक्सएलएसएक्स आणि डॉक्सएक्ससुद्धा, ‘पीके’ या दोन अक्षरांनी. ही झिपचे जनक फिल कॅट्झ यांची आद्याक्षरं. बफरच्या सुरुवातीला टोकदार कंस दिसला आणि तुम्हाला सीएसव्ही हवी होती, तर कोणीतरी तुम्हाला एचटीएमएलचं एररचं पान फाइल म्हणून दिलं आहे.

सातवी पायरी: वाचणं, आणि देवनागरीचा फास

बहुतेक लायब्ऱ्यांना फाइलच्या जागी बफर चालतो. पांडासच्या ‘रीड_सीएसव्ही’ला द्या, एक्सेलच्या फाइली वाचणाऱ्या ओपनपायएक्सएलच्या ‘लोड_वर्कबुक’ला द्या, ‘झिपफाइल’ला द्या. झिपच्या बाबतीत तर मेमरीतला बफर हवाच. झिपमधल्या फाइलींची अनुक्रमणिका तिच्या शेवटी असते, त्यामुळे वाचणाऱ्याला आधी शेवटी जाऊन मग मागे यावं लागतं. नेटवर्कवरून वाहत येणाऱ्या स्ट्रीममध्ये असं मागेपुढे करता येत नाही, बफरमध्ये येतं.

मजकुराची फाइल असेल तर बाइट्सचं अक्षरांत रूपांतर करावं लागतं आणि इथे मराठी मजकुरावर काम करणाऱ्यांनी कान टवकारावेत. यूटीएफ-८ या अक्षरं बाइट्समध्ये साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. चिन्ह म्हणजे आपण ज्याला अक्षर म्हणतो ते नव्हे. ‘क्षि’ हे एक अक्षर दिसतं, पण आत क, हलन्त, ष आणि वेलांटी अशी चार चिन्हं असतात, म्हणजे १२ बाइट. तुकड्यातुकड्यानं उतरवताना प्रत्येक तुकडा लगेच डीकोड करायला गेलात तर तुकड्याची सीमा कधी ना कधी तीन बाइटच्या मधोमध पडणारच. मग एक तर डीकोडची एरर येते किंवा, ‘चुका दुर्लक्षित कर’ असं सांगितलं असेल तर, मजकुरातलं एखादं चिन्ह मुकाट्यानं नाहीसं होतं. इंग्रजी मजकुरावर चाचणी घेतली तर हे कधीच दिसत नाही, कारण त्यात प्रत्येक अक्षर एका बाइटचं असतं. उपाय सोपा आहे: आधी सगळे बाइट्स बफरमध्ये जमू द्या, मग एकदाच डीकोड करा. तुकड्यातुकड्यानंच करायचं असेल तर ‘कोडेक्स’ मॉड्यूलमधला इन्क्रिमेंटल डीकोडर घ्या, तो अर्धवट राहिलेले बाइट पुढच्या तुकड्यासाठी जपून ठेवतो.

एक्सेलमधून यूटीएफ-८ म्हणून काढलेल्या सीएसव्हीच्या सुरुवातीला बीओएम नावाचे तीन अदृश्य बाइट असतात. साध्या यूटीएफ-८नं डीकोड केलं तर ते पहिल्या कॉलमच्या नावाला चिकटतात आणि ‘नाव’ नावाचा कॉलम समोर दिसत असून सापडत नाही. एन्कोडिंग ‘यूटीएफ-८-सिग’ द्या. बीओएम असेल तर तो काढला जातो, नसेल तर काही बिघडत नाही.

डॉक्स आणि शीट्सची वाट

मघाशी बाजूला ठेवलेला प्रकार. गूगल डॉक्सच्या फाइलवर ‘गेट_मीडिया’ केलंत तर ४०३ मिळतो आणि संदेशात एक्स्पोर्ट वापरा असं सांगितलेलं असतं. मग ‘एक्स्पोर्ट_मीडिया’ घ्या आणि कुठल्या स्वरूपात हवी ते माइमटाइपनं सांगा. बाकी बफर, लूप, ‘सीक’ सगळं तेच.

एक्स्पोर्ट केलेला मजकूर १० एमबीच्या आतच असावा लागतो. शीट सीएसव्ही म्हणून मागितली तर फक्त पहिलं पान मिळतं. कोणीतरी पानांचा क्रम बदलला की तुमची स्क्रिप्ट दुसऱ्याच पानाचे आकडे तितक्याच विश्वासानं डेटाबेसात भरते. मला सगळी पानं हवी असतात तेव्हा मी एक्सएलएसएक्स मागतो आणि पान नावानं शोधतो. एक्स्पोर्टच्या फाइलला आधीच कळणारा आकार किंवा एमडी५ नसतो, त्यामुळे सहावी पायरी इथे लंगडी पडते. पहिले बाइट आणि अपेक्षित कॉलम एवढंच तपासता येतं.

मेमरीचा हिशेब

५० एमबीची फाइल म्हणजे ५० एमबी मेमरी, असं धरून चालू नका. बफर एक. त्यातून बाइट्स काढून घेतले की दुसरी प्रत होऊ शकते. डीकोड केलं की तिसरी. पायथन ३.३पासून स्ट्रिंगमधल्या सगळ्यात ‘महाग’ चिन्हाप्रमाणे सगळ्याच चिन्हांना जागा दिली जाते. निव्वळ इंग्रजी मजकुराला दर चिन्हामागे १ बाइट. त्यात देवनागरीचं एक चिन्ह आलं की अख्ख्या स्ट्रिंगला प्रत्येकी २. आणि कोणी शेरा लिहिताना एक इमोजी टाकला की प्रत्येकी ४. फाइल जवळपास तेवढीच आणि मेमरी चौपट, ही किमया एका हसऱ्या चेहऱ्याची!

एक्सेल त्याहून पुढचं. ओपनपायएक्सएलच्या दस्तऐवजातच म्हटलं आहे की फाइलच्या सुमारे ५० पट मेमरी लागते. नुसतं वाचायचं असेल तर त्याचा ‘रीड-ओन्ली’ मोड वापरा, ओळी एकेक करून येतात. बफर काही न बदलता फक्त बघायचा असेल तर ‘गेटव्हॅल्यू’ऐवजी ‘गेटबफर’ घ्या, ते प्रत न करता खिडकी उघडून देतं.

मग हे सगळं गुणिले एकाच वेळी चालणारी कामं. २० जणांनी एकाच वेळी ५० एमबीची फाइल मागितली तर नुसत्या बफरलाच १ जीबी गेला. समांतर उतरवायचं असेल तर आणखी एक अट आहे: या लायब्ररीच्या पोटात असलेली एचटीटीपीलिब२ थ्रेडसेफ नाही, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या अनेक थ्रेडांनी ती वाटून वापरणं सुरक्षित नाही. प्रत्येक थ्रेडला स्वतःचा एचटीटीपी ऑब्जेक्ट द्या.

‘बहुतेक फाइली लहान, क्वचित एखादी दांडगी’ अशी स्थिती असेल तर ‘टेम्पफाइल’ मॉड्यूलमधला ‘स्पूल्डटेम्पररीफाइल’ मला सगळ्यात आवडतो. तुम्ही सांगितलेल्या मर्यादेपर्यंत तो मेमरीत राहतो, त्यापुढे आपणहून डिस्कवर जातो आणि बंद केला की स्वतःच साफ होतो. वापर ‘बाइट्सआयओ’सारखाच. आणि गूगलच्या क्लाउड रन या सेवेवर काम करत असाल तर ध्यानात ठेवा की तिथली नेहमीची फाइल सिस्टीम मेमरीतच असते. मेमरी वाचवायला म्हणून टेम्प फाइल लिहिलीत तरी ती त्याच मेमरीतून वजा होते.

अडखळलं तर

४०४ आणि परवानगीचा ४०३ पुन्हा पुन्हा प्रयत्न करून सुटत नाहीत. ४२९ (फार रिक्वेस्ट झाल्या), मर्यादा ओलांडल्याचा ४०३ आणि ५००च्या घरातल्या एरर थोडं थांबून पुन्हा केल्या तर सुटतात. थांबण्याचा वेळ दर वेळी दुप्पट करा, १, २, ४, ८ सेकंद, आणि त्यात थोडा यादृच्छिक वेळ मिसळा. नाहीतर एकाच वेळी आपटलेल्या दहा स्क्रिप्ट पुन्हा एकाच वेळी उठून एकाच वेळी आपटतात.

अख्खी उतरवणी नव्यानं सुरू करत असाल तर नवा बफर घ्या. जुन्याच बफरमध्ये पुढे लिहिलंत तर अर्धी फाइल आणि तिच्यामागे पूर्ण फाइल असं कडबोळं तयार होतं. सीएसव्ही असेल तर ते वाचलंही जातं, फक्त काही ओळी दोनदा येतात. अर्ध्यावरून पुढे चालू करायचं असेल तर ‘रेंज’ आहेच, पण मधल्या काळात कोणी फाइल बदलली नाही ना हे एमडी५ पुन्हा विचारून बघा. पायथनची ‘रिक्वेस्ट्स’ वापरत असाल तर टाइमआउट स्वतः द्या. तिच्यात मुळात टाइमआउट नसतो आणि अडकलेली रिक्वेस्ट सकाळपर्यंत वाट बघत बसते.

दुसऱ्या सेवांवर

ॲमेझॉनच्या एस३मध्ये ‘गेट_ऑब्जेक्ट’च्या उत्तरातला ‘बॉडी’ हा वाहता स्ट्रीम असतो. एकदा ‘रीड’ केला की संपला, दुसऱ्यांदा रिकामा मिळतो आणि त्यावर मागे जाता येत नाही. मागेपुढे करायचं असेल तर तो ‘बाइट्सआयओ’त ओता किंवा सरळ ‘डाउनलोड_फाइलऑब्ज’ला बफर द्या. तिथला ईटॅग, म्हणजे फाइलच्या आवृत्तीची खूण, एमडी५सारखा दिसतो, पण फाइल अनेक भागांत अपलोड झाली असेल तर तो एमडी५ नसतो.

गूगल क्लाउड स्टोरेजमध्ये ‘डाउनलोड_ॲझ_बाइट्स’ एका ओळीत काम करतं. वेब एपीआय थेट वापरलात तर ऑब्जेक्टच्या नावातली तिरकी रेघ आणि देवनागरी अक्षरं पत्त्यात टाकण्याआधी पर्सेंट-एन्कोड करावी लागतात. शिवाय जीझिपनं दाबून ठेवलेली फाइल ही सेवा मागणीनुसार वाटेतच उलगडून देऊ शकते, त्यामुळे आलेली लांबी नोंदीतल्या लांबीशी जुळत नाही. अझ्युरमध्ये ‘डाउनलोड_ब्लॉब’ आणि त्यावर ‘रीडऑल’. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टमध्ये ‘फेच’च्या उत्तरावर ‘ॲरेबफर’ म्हणायचं. ‘टेक्स्ट’ म्हणून पीडीएफ वाचलीत तर ती कायमची बिघडते, नंतर परत बाइट्समध्ये बदलूनही सुधरत नाही.

चालू करण्याआधी मी सहा फाइलींवर स्क्रिप्ट पळवून बघतो: एक रिकामी, एक देवनागरी नावाची आणि मराठी मजकुराची, एक बीओएम असलेली, एक गूगल शीट, एक ठरवलेल्या मर्यादेपेक्षा मोठी आणि एक मुद्दाम शेअर न केलेली. शेवटच्या फाइलवर स्क्रिप्टनं ‘सापडली नाही’ एवढंच म्हणून चालत नाही, ‘या सर्व्हिस अकाउंटशी शेअर केली आहे का बघा’ असं सांगून त्या खात्याचा ईमेल पत्ताही छापला पाहिजे. रात्री दोन वाजता ती लॉगची ओळ वाचणारा माणूस बहुधा मीच असतो.